धुलाईघरातली सहावी गोळी

१

सकाळी सहाच्या सुमारास बेडक्याची हाक आली आणि डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. बेडक्या ओरडणारा माणूस नव्हता. पाण्याखाली तीन-तीन मिनिटं श्वास रोखून राहणारा हा गडी जमिनीवरही जपूनच बोलायचा.

त्या जिन्यावरून धावत खाली आल्या. इस्त्रीच्या दालनामागच्या खोलीत दोन खाटा होत्या. एक बेडक्याची, रिकामी. दुसरीवर घड्याळजी भिंतीला टेकून बसले होते. डोळे उघडे, मान कलंडलेली. ओठावर काचेचा एक बारीक तुकडा चमकत होता.

बाईंनी नाडी पाहिली. पाहायचीही गरज नव्हती. त्या दातांच्या डॉक्टर असल्या तरी मेलेला माणूस ओळखू यायला दातांचा डॉक्टर काय आणि हृदयाचा काय.

"गोळी," बेडक्या पुटपुटला. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. "मी हौदात होतो हो. रोजच्यासारखा पाचला गेलो, आत्ता येऊन बघतो तर हे असं."

गोळी म्हणजे काय, ते त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मोहिमेवर निघताना मास्तरांनी प्रत्येकाच्या हातावर विष भरलेली काचेची एकेक लांबट गोळी ठेवली होती. शत्रूच्या हाती सापडलात तर ही चावायची, पुढचं काही सोसावं लागणार नाही. पाच माणसं, पाच गोळ्या.

माणसंही अशी, की कुणी बघितलं असतं तर हसू आलं असतं. भूगोल शिकवणारे मास्तर हे म्होरके. सुरुंगाची घड्याळं बनवणारे घड्याळजी. पोहायला शिकवणारा बेडक्या. धुलाईघराची मालकीण मावशी, जिची कपड्यांची गाडी रोज गोदीत जायची. आणि मावशीची भाची म्हणून तिच्यासोबत गाडीवर बसणाऱ्या डॉक्टरीणबाई. खऱ्या शिपायांना शत्रू चालीवरून ओळखतो, म्हणून मुद्दाम असली माणसं निवडली होती. आज दुपारी त्यांना गोदीचं दार उडवायचं होतं. दारामागे, कोरड्या गोदीत, दुरुस्त होत आलेली शत्रूची युद्धनौका उभी होती; दार उडालं की पाण्याचा लोंढा आत घुसून तिला आडवी करणार होता.

एव्हाना मावशी आल्या, पदराला हात पुसत. पाठोपाठ माळ्यावरून मास्तर उतरले. त्यांनी प्रेताकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"धीर सुटला बिचाऱ्याचा," ते हळू आवाजात म्हणाले. "दातांखाली धरली आणि फोडली. मी कालच त्यांचा चेहरा बघितला होता. असो. गाडी अकराला निघेल. सुरुंग तयार आहेत, त्यांचं काम त्यांनी करून ठेवलंय."

ते पुन्हा माळ्यावर गेले. बाईंनी घड्याळजींचे डोळे मिटले आणि सवयीनं, निव्वळ वीस वर्षांच्या सवयीनं, तोंड उघडून आत पाहिलं.

मग त्या खाटेच्या कडेवर मटकन बसल्या.

तोंडात एकही दात नव्हता.

२

बाईंनी वाकून खाटेखाली हात घातला. फडक्यानं झाकलेली वाटी होती आणि वाटीत पाणी, पाण्यात घड्याळजींची कवळी. वरची आणि खालची, दोन्ही. झोपताना ते काढून ठेवायचे. त्यांना त्याची फार लाज वाटायची. मागच्या आठवड्यात खालची कवळी तडकली तेव्हा कानाशी लागून म्हणाले होते, "डॉक्टरीणबाई, सांधून द्या, पण कुणाला कळू देऊ नका."

ती गोळी जाड काचेची होती. खिशात चुकून फुटू नये म्हणून मुद्दाम तशी केलेली. हिरड्यांनी ती फुटणं शक्य नव्हतं, आणि फुटली असती तर हिरड्या चिरल्या असत्या. हिरड्यांवर साधा ओरखडाही नव्हता. काच नंतर ठेवली होती. माणूस गेल्यावर.

खाटेशेजारच्या स्टुलावर पेला होता. तळाशी घोटभर चहा. बाईंनी हात लावला. पेला अजून कोमट होता.

चहा प्यायला दात लागत नाहीत.

म्हणजे घड्याळजींनी जीव दिला नव्हता. त्यांचा जीव घेतला होता. रस्त्याकडच्या दाराला आतून अडसर होता, आणि रात्रभर घरात पाचच माणसं होती. त्यातला एक हा. एक मी. उरले तीन.

यांतल्या दोघांबरोबर पाच तासांनी त्यांना गोदीत शिरायचं होतं. फितूर कोण असेल? आणि तो फितूर असेल, तर गोदीच्या फाटकावर आपली वाट कोण बघत असेल?

मागे पावलं वाजली. दारात मावशी उभ्या होत्या, हातात कपडे ढवळायचा भलामोठा दांडा.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या तोंडात काय शोधताय?"

३

बाईंनी दांड्याकडे पाहिलं. मग वाटलं, हिनेच मारलं असेल तर ओरडूनही उपयोग नाही, कपडे उकळायच्या भट्टीच्या आवाजात कुणाला ऐकूही जाणार नाही. तेव्हा विचारूनच बघावं.

"मावशी, पहाटे तुम्ही भट्टीत काय जाळत होतात? मी खिडकीतून पाहिलं."

मावशींनी दांडा भिंतीला टेकवला. "माझ्या यजमानांची पत्रं. लग्नातला फोटो. आज दुपारनंतर या घरात शिपाई घुसणार, मला माहीत आहे. त्यांच्या हातांत कशाला ठेवू? तुम्हाला काय वाटलं?"

"या चहाचं विचारायचं होतं. तुम्ही दिलात?"

"चहा? अहो, मी अजून चूल पेटवलेली नाही. साडेसहाशिवाय माझ्याकडे कुणाला चहा मिळत नाही, आजही नाही आणि माझ्या लग्नातही मिळाला नव्हता."

"भट्टीच्या पाण्याचा केला असेल कुणी."

"त्यात धुण्याचा सोडा असतो. एक घोट घेतला तरी माणूस थुंकून टाकेल." मावशी जवळ आल्या. प्रेताकडे बघून त्यांचे ओठ थरथरले. "यांना माझा पाव चावता यायचा नाही. रोज दुधात भिजवून द्यायची मी. दात काढलेले असले की लहान बाळासारखे दिसायचे. आज सकाळसाठीही भिजत घातलाय."

म्हणजे मावशींना दातांचं ठाऊक होतं.

बेडक्याला एकटं गाठेपर्यंत नऊ वाजून गेले. तो वाळवणघरात ओल्या चादरींच्या रांगांमधून येरझारा घालत होता. बाईंना पाहून तो थबकला. त्याच्या हातात सुरी होती, गोदीतली पाण्याखालची जाळी कापायची. बाईंनी दोन पावलं मागे सरकत विचारलं, "काल संध्याकाळी तुझं आणि घड्याळजींचं वाजलं ना? आवाज वरपर्यंत येत होता."

"माझं नाही." बेडक्या चिडला. "मी हौदावरून आलो तर ते एकटेच बसले होते, रडवेले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, सकाळी सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं आत्ता सांगा. तर नाही म्हणाले. म्हणून मी ओरडलो. शेवटी थट्टा केली, म्हटलं दात काढून ठेवलेत म्हणून बोलता येत नाही काय? हसले नाहीत." त्याचा आवाज चिरकला. "शेवटचं बोललो ते हे. दातांवरून."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

"बेडक्या, त्यांच्याशी वाद घालणारा मग कोण होता?"

"मला काय माहीत? आवाज मीही हौदावरून ऐकला. एकच आवाज मोठा होता, घड्याळजींचा. दुसरा माणूस हळू बोलत होता."

हळू बोलणारा माणूस. बाईंनी बेडक्याची बाही धरली. "तुझी गोळी दाखव. आणि मावशींना बोलाव. कुणाला काही बोलू नकोस."

४

इस्त्रीच्या टेबलावर तीन गोळ्या ठेवल्या गेल्या. बेडक्याची, मावशींची, बाईंची. तिन्ही शाबूत.

"घड्याळजींची त्यांच्या तोंडात," बेडक्या म्हणाला. "पाचवी मास्तरांकडे. हिशेब बरोबर आहे."

"बघू या," बाई म्हणाल्या.

त्यांनी आपली गोळी झग्याच्या दुमडीत शिवली होती. कुणी कुठे ठेवायची ते ज्यानं त्यानं ठरवलं होतं, एकानं दुसऱ्याला विचारायचं नाही असा दंडक. तिघं घड्याळजींच्या खोलीत गेले आणि बाई त्यांचे कपडे बोटांनी चाचपू लागल्या. खिसे. पट्टा. बंडीची शिवण. सदऱ्याच्या कॉलरशी बोटं थांबली. आत काहीतरी टणक, लांबट होतं.

मावशींनी कात्रीनं टाका उसवला. काचेची गोळी बाईंच्या तळहातावर पडली. अख्खी.

बाईंनी ती टेबलावरच्या तिन्ही गोळ्यांशेजारी नेऊन ठेवली.

"मग त्यांच्या तोंडात काय होतं?" बेडक्यानं विचारलं.

"सहावी. विष चहात, फुटकी काच तोंडात."

"पण सहावी होतीच कुठे?"

"ज्यानं वाटल्या त्याच्याकडे. आपल्याला पाच मिळाल्या. डबीत किती होत्या ते आपल्यापैकी कुणी पाहिलं होतं?" बाई एकेक बोट मुडपत होत्या. "चहा कुणी केला? मावशींची चूल थंड होती. दुसरा स्टोव्ह या घरात एकच आहे, माळ्यावर. आणि मघाशी 'दातांखाली धरली आणि फोडली' असं कोण म्हणालं? मावशी रोज त्यांना पाव भिजवून देतात. बेडक्या त्यांच्या खोलीत झोपतो. आपल्यापैकी कुणाला असा देखावा रचायचा असता, तर गोळी चावल्याचा कधीच रचला नसता. ज्याला दातांचं माहीत नव्हतं, त्यानं रचला. कारण तो आपल्याबरोबर कधी जेवायलाच बसला नाही."

मावशींनी वर, छताकडे पाहिलं. माळ्यावर मास्तरांच्या बिनतारी यंत्राची टिकटिक चालू होती.

"पण का?" त्या कुजबुजल्या. "फितूर असते तर आपल्याला कधीच पकडून दिलं असतं."

तेच बाईंना उमगत नव्हतं. घड्याळजींना सकाळी सगळ्यांना काय सांगायचं होतं? घड्याळं बनवणाऱ्याला घड्याळांशिवाय दुसरं काय सांगायचं असणार?

दोन्ही सुरुंग कपड्यांच्या टोपलीत, चादरींखाली होते. बाईंनी आपली हत्यारं आणली, दातांत फिरवायचा छोटा आरसा आणि टोकदार सळई. घड्याळावरच्या पत्र्याचा स्क्रू त्यांनी फिरवायला घेतला. रोग्याच्या तोंडात त्यांचा हात कधी हलला नव्हता. आज हलू नये म्हणून त्यांनी कोपर टेबलावर दाबून धरलं.

झाकण निघालं. त्यांनी आरसा आत सरकवला.

ठरलं होतं दोन तासांचं. खीळ ओढल्यापासून दोन तास, म्हणजे सगळे बाहेर पडून नदीपार जायला भरपूर वेळ.

काटा वीस मिनिटांवर होता.

५

"वर या," माळ्यावरून मास्तर शांतपणे म्हणाले. "किंवा मीच येतो. जिन्याच्या फटीतून सगळं ऐकू येतं."

ते उतरले. बेडक्यानं सुरी घट्ट धरली. मास्तर इस्त्रीच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसले, शाळा सुटल्यावर बसावं तसे.

"काल दुपारी संदेश आला," ते म्हणाले. "जहाज उद्या नाही, आज एकला निघतंय. भरती आहे. तुम्ही बाराला गोदीत पोचणार. बेडक्याला सुरुंग लावायला वीस मिनिटं. त्यानंतर दोन तासांनी दार उडालं तर काय उपयोग? जहाज समुद्रात असेल. म्हणून वेळ कमी करायला लावली."

"आणि आम्ही?" बेडक्यानं विचारलं.

मास्तर खाली मान घालून चष्मा पुसू लागले.

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. परतीचा रस्ता त्या दाराच्या माथ्यावरूनच जात होता. मळके कपडे भरायचे, मग दोन चौक्यांवर टोपल्या मोजायच्या, सगळं मिळून तास लागायचा. बारा चाळीसला त्या आणि मावशी नेमक्या दाराशेजारच्या चौकीत उभ्या असत्या. बेडक्या पाण्यात.

"घड्याळजींनी काटा फिरवला," मास्तर म्हणाले. "संध्याकाळी मात्र म्हणाले, मी त्यांना सांगणार. मी विनवलं. त्या जहाजावरच्या तोफांनी किती गावं बेचिराख होणार ते सांगितलं. तीन जीव एका बाजूला आणि... ते ऐकेनात. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही गेला असता?" त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "खरं सांगा. गेला असता?"

बाईंना वाटलं, ओरडून सांगावं, हो, गेले असते. पण गेले अकरा दिवस त्या रोज सकाळी लपून ओकत होत्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "गेले असते की पळाले असते, ते मला आता कधीच कळणार नाही, मास्तर. तुम्ही विचारलंच नाहीत."

मावशी एकदम म्हणाल्या, "टोपल्या कशाला मोजायच्या?"

"म्हणजे?"

"परत आणल्या तर मोजतात. टोपल्या गोदामातच ठेवल्या, म्हटलं घोडा लंगडतोय, मळके कपडे संध्याकाळी नेते, तर मोजायला राहिलं काय? रिकामी गाडी. शिपाई हात हलवून सोडतात. दोनदा केलंय मी तसं. वीस मिनिटांत मोठ्या रस्त्याला लागते."

मास्तरांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"आणि वीस मिनिटंच का?" बेडक्यानं विचारलं. "एकला दार उघडणार ना?"

"आधीही उघडू शकतं," मास्तर कसेबसे म्हणाले. "पावणेएकला..."

"एक म्हणजे एक," मावशी म्हणाल्या. "बारा वर्षं त्या गोदीत जातेय. भोंगा झाल्याशिवाय तिथं कुणी दाराला हात लावत नाही, आणि भोंगा कधी एक मिनिट आधी झालेला नाही. मला विचारायचं होतं ना हो! मी खाली भट्टीपाशीच तर होते."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इस्त्रीच्या दालनात तो आवाज, मोठ्या माणसाच्या रडण्याचा, फार विचित्र वाटला.

"तीस मिनिटं," बेडक्या बाईंना म्हणाला. "बारा वीसला खीळ, बारा पन्नासला धमाका. तीस मिनिटांत मी सांडपाण्याच्या नळातून बाहेर निघतो. जमेल काटा सरकवायला?"

बाईंनी सळई उचलली. मावशींनी मागून त्यांचे खांदे धरले, घट्ट, आणि काटा सरकेपर्यंत सोडले नाहीत. मग दुसरा.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"यांचं काय करायचं?" बेडक्यानं विचारलं.

"मला इथंच राहू द्या," मास्तर म्हणाले. "धमाक्यानंतर शिपाई पहिले या घरात येतील. कुणीतरी असलं तर त्यांचा वेळ जाईल. तेवढ्यात तुम्ही नदीपार व्हाल. मी पळणार नाही."

बाईंना त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. पण मारायचं कुणी, आणि बांधून ठेवायचं तर त्याचा फायदा काय? त्यांनी एकच विचारलं, "तुमची गोळी आहे ना तुमच्याजवळ?"

मास्तरांनी मान डोलावली.

"मग ठीक," म्हणून बाई गाडीकडे वळल्या.

६

पहिल्या चौकीवर शिपायानं चादरी उचकल्या, वरच्या दोन. तिसरीखाली बेडक्या होता. बाईंनी जीव मुठीत धरला होता आणि चेहऱ्यावर झोपाळू भाचीचं हसू. शिपाई त्यांच्या पायांकडे बघत होता. मावशींनी त्याला त्याच्या सदऱ्याच्या डागावरून असं काही झापलं, की तो ओशाळून बाजूला झाला.

गोदामात टोपल्या उतरल्या. पायऱ्यांपाशी पाणी किंचित हललं आणि पुन्हा सपाट झालं. बारा पाचला.

परतताना घोडा खरंच लंगडू लागला. मावशींनी त्याच्या नालेत खडा घातला होता. दाराच्या माथ्यावरून गाडी जाताना बाईंना चाकांखालची प्रत्येक फळी पायांत जाणवली. आतापर्यंत खीळ निघाली असेल. काटा बरोबर बसला असेल का? मी दातांची डॉक्टर, मला घड्याळातलं काय कळतं? दुसऱ्या चौकीवर शिपाई जेवत होता. त्यानं बघितलं, चावता चावता हात हलवला.

त्या मोठ्या रस्त्याला लागून वळण घेत होत्या तेव्हा जमीन हादरली. मग आवाज आला. मावशींनी मागे वळून पाहिलं नाही, घोड्याला मात्र पहिल्यांदाच चाबूक मारला. बाईंनी पाहिलं. गोदीच्या भिंतीपलीकडे जहाजाची डोलकाठी हळूहळू, दमलेल्या माणसानं कूस बदलावी तशी, आडवी होत होती.

बेडक्या संध्याकाळी नदीपार भेटला. एका कानानं त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही, पण तो भेटला. मास्तरांचं काय झालं ते लढाई संपल्यावर कळलं. शिपाई माळ्यावर चढले तेव्हा ते जिवंत नव्हते. त्याआधी त्यांनी मुख्यालयाला शेवटचा संदेश पाठवला होता. कागद एका अधिकाऱ्यानं बाईंना दाखवला: "दार उडालं. तिघं निसटतील. घड्याळजींना मी मारलं. ते निर्दोष होते."

तो कागद घेऊन बाई घड्याळजींच्या घरी गेल्या. दुकान बंद होतं, वरच्या खोलीत त्यांची बायको एकटी राहत होती. मास्तरांच्या त्या सकाळच्या पहिल्या संदेशावरून तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं की नवऱ्यानं घाबरून जीव दिला. तिनं कागद दोनदा वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मग तिनं विचारलं, "पण ते घाबरले होते का हो?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाईंना ते जमलं नाही.

"घाबरले होते," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळेच खूप घाबरलो होतो. आणि घाबरलेले असूनही ते आम्हाला सांगणार होते."

"उंदीर दिसला तरी खुर्चीवर चढायचे," ती म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली.